नडगीवरची खळी

ऑरिन बील टाय लावून बसले होते.
टायवर बारीक बारीक नांगर, आणि पडद्यावर
फक्त कपाळ. "थोडं खाली करा," मी म्हटलं.
मग नुसती हनुवटी. मग छत.
मग लिओनाबाईंचा हात आला
आणि माणूस एकदाचा चौकटीत बसला.

पहिला प्रश्न त्यांचाच:
"तिकडे आत्ता रात्र असेल, नाही?"
तिकडे म्हणजे कुठे, ते मला कळलं.
अठरा वर्षं मेनमध्ये काढली तरी
माझे ट आणि ड अजून मिरजेचेच.
काचेतला डॉक्टर समुद्रापल्याड
रांगेत बसवलेला असतो, कुणीतरी लिहून दिलेलं वाचतो,
असं त्यांच्या शेजाऱ्यानं पक्कं सांगितलं होतं.
मी म्हटलं, मिस्टर बील, मी मचायसला आहे,
पोस्टाच्या मागे. तुमच्यापासून सात मैल.
ते हसले.
विमा विकायला आलेल्याला हसावं, तसं.
त्यांच्या खिडकीमागून बर्फ लोटणारी गाडी गेली,
एक दिवा फुटलेला, दुसरा नारिंगी.

"खोकलाच आहे नुसता.
मोठं काही असतं तर आलो असतो."

माझंही एक गणित होतं, खोटं कशाला बोलू?
मिरजेच्या वॉर्डात सर सांगायचे,
नाडीवर बोटं टेकल्याशिवाय डॉक्टरनं तोंड उघडू नये.
साथीच्या वर्षी पहिल्यांदा ही खिडकी उघडली
तेव्हा माझे हात टेबलावर नुसते पडून होते,
कार्यघरी कुणी काम न सांगितलेल्या बाईसारखे.
दुधाची तहान ताकावर, म्हटलं, चला.

पण दवाखान्यात ऑरिन बील बूट घालून येतात.
घरी त्यांच्या पायात सपाता होत्या
आणि सपातांना वरून चीर दिलेली,
मासे साफ करायच्या सुरीनं, पाय मावावा म्हणून.
आरामखुर्चीवर तीन उशा, पायाशी चादर.
माणूस आडवा झोपत नाही
हे खुर्ची सांगत होती. ते सांगत नव्हते.
मागे फळीवर गोळ्यांची बाटली,
ऑगस्टात दिलेली,
गळ्यापर्यंत भरलेली.

लिओनाबाई, म्हटलं, अंगठा द्या जरा उसना.
नडगीवर दाबा. अजून जोरात.
आम्ही तिघांनी दहापर्यंत मोजलं.
उचला आता.
अंगठा उठला, खळी उठली नाही.
मळलेल्या कणकेत बोटाची राहते ना, तशी.
लिओनाबाई कॅमेऱ्याकडे नाही,
नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मग पाठवा गोळी," ऑरिन म्हणाले,
आणि "गोळी"च्या आधी एकदा थांबून
श्वास घेतला.
काचेत सुरू झालं ते काचेतच संपेल,
हा त्यांचा हिशोब.
नाही हो. काच इथवरच.
छातीत पाणी किती चढलंय, त्याला कान लावावा लागतो,
आणि तो आज. बर्फ थांबल्यावर नाही.
"रुग्णवाहिकेत मी बसणार नाही.
तिकडे बसून तुम्हाला काय कळणार इथलं हवामान?"

तेवढ्यात माझ्या गल्लीत घरघर झाली.
मी लॅपटॉप उचलला, खिडकीला लावला.
एक दिवा फुटलेला, दुसरा नारिंगी.

ऑरिन बराच वेळ बघत होते.
"डेल्बर्ट आहे तो," म्हणाले.
"नोव्हेंबरपासून सांगतोय त्याला, दिवा बदल."
मग टायची गाठ सैल केली.
"बोलवा गाडी."

एप्रिलमध्ये ते स्वतः आले, नवे बूट घालून.
मला वर-खाली बघितलं.
"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."
मी मनगट हातात घेतलं, बोटं टेकवली.
माफ करा सर,
तोंड मी जानेवारीतच उघडलं होतं.