तिसरा सूर

या भाषेतलं माझं पहिलं वाक्य:
‘मला तुझं स्पष्टीकरण ऐकायचं नाही!’
दुसरं: ‘हे मूल तुमच्या घराण्याचं नाही.’
मीठ कुठे ठेवलंय, हे विचारता यायला
अजून तीन आठवडे होते.

हूवेई गावात रात्री आठला
अख्ख्या गल्लीच्या खिडक्या निळ्या होतात.
कुआ आजी खाटेवर, मी पायथ्याशी,
तिचा उजवा तळवा चोळत.
पडद्यावर मोठी सून रडते, आणि खाली
तिचं रडणं अक्षरांतून धावतं,
मी पकडेपर्यंत पुसलं जातं.
एखादंच हाती लागतं. औषध, उदाहरणार्थ:
वर गवत, खाली आनंद.
आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावर तेच छापलंय.

ही भाषा आजीचीही नाही.
शाळेत घरचा शब्द तोंडून निसटला
की गळ्यात पाटी अडकवायचे,
दुसरं कुणी चुकेपर्यंत पाटी तुझी.
अर्धांगानंतर ते घरचे शब्दही निम्मे सांडले.
माझे तर इंद्रामायूलाच राहिले,
धाकट्या लेकीकडे, सांभाळायला.
म्हणून आम्ही दोघी भेटतो ते
तिसऱ्याच घरात, त्या मोठ्या सुनेच्या.

एकदा पपई आतून सडकी निघाली.
भाजीवाल्या थ्सायसमोर उभी राहिले, हनुवटी वर:
‘इतकी वर्षं तू मला फसवत आलास!’
बाजार थांबला. मग थ्साय इतका हसला
की दुसरी पपई दिली,
वर कांद्याच्या पातीची जुडी.

छळतो तो एकच शब्द, ‘माय’.
सूर दरीत उतरून वर आला तर विकत घेणं,
कड्यावरून सरळ कोसळला तर विकणं.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
तेव्हा हातात पिशव्या घेऊन
रोखाया मला हेच घोकवते.
मी रोज काहीतरी विकून परत येते.

मार्चमध्ये आजीचा श्वास अडकला.
‘लवकर या, ती चालली!’ हे मला पाठ होतं.
पण मालिकेत पत्ता कुणी सांगत नाही,
गाडी आपोआप पोचते.
विजेचं बिल उलटं धरलं, मग सुलटं,
आणि एकेक अक्षर वाचत गेले.

इस्पितळात विचारलं, तुम्ही यांच्या कोण?
मालिकेत या प्रश्नानंतर
जाहिरात लागते.

चार भाग चुकले.
नळ्या निघाल्यावर आजीने पहिलं विचारलं:
सुनेचं काय झालं?
मला कुठे ठाऊक!
पण खुर्ची ओढली आणि सांगत सुटले,
दहा मिनिटं, पंधरा,
एकही वाक्य उसनं न घेता:
सून या खेपेला रडली नाही, तिला भूक लागली होती,
तिने पपई कापली,
दिराला भरल्या पानावरून उठवलं,
आणि शेवटी घर विकलं.

आजीने डावा हात उचलला.
बोट हवेत खाली गेलं,
तळाला टेकलं,
हळूहळू वर आलं.

‘माय,’ ती म्हणाली.

बरं, म्हणाले मी. घेतलं तर मग.
आता त्या घरात कुणाकुणाला ठेवायचं, ते सांग.