हॉर्न

कुंभार्ली घाटात एकवीस वर्षं
दुधाचा टेम्पो.
मडगार्डलासुद्धा ओरखडा नाही.

विम्याच्या फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली,
अनुभव : शून्य वर्षं.
हप्ता ऐकून सून म्हणाली,
एवढ्यात दुसरी गाडी येईल की.

मग बावन्नाव्या वर्षी
गाडीला मागेपुढे लाल 'एल'.
मास्तर माझ्या धाकट्याहून लहान.
आरशात बघा, म्हणतो. परत बघा.
बघतो. मिशी पिकलीय.

परीक्षेत, डडलीच्या चढावर,
साहेब म्हणाले,
जमेल तेव्हा हॉर्न वाजवून दाखवा.

पाच महिन्यांत हात लावला नव्हता.
दाबला,
आंधळ्या वळणावर दाबतात तसा, लांबच लांब.

त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं.
मी वेग कमी केला,
पलीकडून उत्तर येईल म्हणून.