दोन अंगठे

हेरिबर्टचा डावा हात सुईला बांधलेला, माझा उजवा.
मधल्या चाकांच्या टेबलावर, रसाच्या पेल्याला टेकवून,
माझा छोटा कन्सोल.
डावी कांडी त्याच्या उजव्या अंगठ्याखाली: सुकाणू.
उजवी बटणं माझ्या डाव्याखाली: वेग आणि ब्रेक.
असं कुणी खेळत नाही.
पण सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास,
आडेनाऊच्या डायलिसिस खोलीत
दुसरं करायचं तरी काय?

मला लायसन्स नाही. बसने येते.
तो एकतीस वर्षं याच ट्रॅकच्या कडेला उभा होता,
अंगात केशरी डगला, बगलेत झेंड्यांची जुडी.

"गेम हुबेहूब आहे," मी पहिल्याच दिवशी म्हटलं,
"टायर झिजतात. टाकी उतरते तशी गाडी हलकी होते."
"बघू," म्हणाला,
आणि चष्मा कपाळावर सारून बघायला लागला:
हे झाड नव्वदच्या वादळात पडलं.
ही भिंत इतकी स्वच्छ कधीच नव्हती, पोरं नावं लिहायची तिच्यावर.
इथे वीतभर डांबर उखडलंय, हिसका बसायला हवा –
बसला. बोटांना थरथर कळली.
"हं." एवढंच. पण मिशी हलली.

आता सोड. सोड म्हणतो ना! आता दाब, पुरता दाब.
फुक्सरोरेच्या उतारावर गाडी दगडासारखी पडते
आणि माझ्या पोटात खरोखरचा गोळा येतो.
शेजारी मशीन माझं रक्त फिरवत असतं
आपल्याच चालीनं, मिनिटाला तीनशे मिलिलिटर,
ना ब्रेक, ना घाई.

आम्ही आपटतो. फार आपटतो.
मी उशिरा सोडते, तो लवकर वळवतो, नाहीतर उलट.
एका गाडीत दोघांचं एकमत व्हायला
किती शुक्रवार लागतात, ते आम्हाला विचारा.
सिस्टर ओटीलिया म्हणते, "निलग्युन, बरा चाललाय तुमचा संसार."
तो सत्तरीपार, मी तेवीस.
आम्ही हसतो, सुया सांभाळून.

काल ब्राइडशाइडचा पूल संपून चढ लागला
तेव्हा म्हणाला, "थांबव."
इथे?
"इथेच. माझी चौकी."
मी ब्रेक दाबून धरला. मागच्या गाड्या घोंघावत पुढे गेल्या.
कठड्यामागे एक केशरी माणूस,
पाच-सहा कोनांचा चेहरा, हातात पिवळा झेंडा.
गाडी गेली की मान वळवतो.
झेंडा उचलत नाही.
"परवा आपण इथेच उलटलो," हेरिबर्ट म्हणाला,
"तेव्हाही यानं उचलला नाही."
मी म्हटलं, गेम आहे, एवढं कोण बनवत बसणार.

तो गप्प. मग माझ्याकडे न बघता:
"मी उचलला होता. ऑक्टोबर होता. धुकं असं
की माझाच झेंडा मला दिसत नव्हता.
पण उचलला होता मी.
कोर्टातही तेच सांगितलं."

पडद्यावर घड्याळ पळत राहिलं.
केशरी माणसानं मान वळवली, गाडी नसताना.
गाडीत कोण होतं, असं मी विचारणार
तोच त्याचं मशीन किंचाळलं.
ओटीलिया धावली, खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले,
प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं.
माझा अंगठा ब्रेकवरच होता.
कशासाठी, माहीत नाही. सोडला नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या ओठांना रंग आला.
"अजून इथेच आहोत?"
"इथेच."
"मग चल. पहिल्या गियरमध्ये. हळू."

चव्वेचाळीस मिनिटं, अकरा सेकंद. शेवटचा नंबर.
ही वेळ जतन करायची का, गेमनं विचारलं.
मी तर नाहीच म्हटलं असतं.
पण निवडायची कांडी त्याच्याकडे.
तो 'हो'वर गेला आणि थांबला.
दाबायचं बटण माझं.