विश्राम

कन्नमवार नगरच्या आमच्या शाळेचं मैदान
म्हणजे डांबर.
एक मेच्या संचलनाची तालीम,
वेळ साडेअकरा, शिट्टी माझी.
सावधान म्हणालो, दीडशे पोरं ताठ.
मग पाहुणे कुठल्या फाटकातून येणार
यावर मी आणि मुख्याध्यापक
बोलत राहिलो पुष्कळ वेळ.

विश्राम म्हणायचं राहून गेलं.

तिसऱ्या रांगेतला घाडगे आधी नुसता डुलला.
मी ओरडलो, नाटकं नकोत.
(हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.)
वाळत घातलेला सदरा दोरीवरून घसरावा
तसा पडला.

कपाळाला हात लावला आणि मागे घेतला.
घामाचा थेंब नाही.
एप्रिलची मुंबई, भिंतींनाही घाम,
आणि हे पोर कोरडं.

कुणी कांदा आणला,
कुणी चप्पल नाकाशी धरली,
मी बाटली उघडून त्याच्या ओठांना लावणार
तेवढ्यात खिचडीच्या शेडमधून
इंदुमती परब आल्या, हात हळदीचे.
"ओतू नका! शुद्ध नाहीये त्याला,
पाणी छातीत जाईल.
कांदा ठेवा कोशिंबिरीला.
उचला, जिन्याखाली घ्या.
एकशेआठला फोन कोण करतंय?
सगळे नको. तू, चष्मेवाल्या, तू कर."

टाय, पट्टा, सदरा.
बुटांतून वर्तमानपत्राचे बोळे निघाले;
दोन नंबर मोठे होते बूट.
काळेच हवेत, म्हणून मीच बजावलं होतं.

कुशीवर वळवलं.
पातेल्यावरचं फडकं भिजवून अंगावर टाकलं.
फाटकाबाहेरच्या रसवंतीतून बबन धावला
बर्फाची अर्धी लादी गोणपाटासकट घेऊन,
भुसा सांडत;
मागे चरक एकटाच फिरत होता, घुंगरं वाजवत.
फडक्यात गुंडाळलेले तुकडे मानेशी, काखेत, जांघेत.
"वारा घाला, सर."
हाताला लागला तो पुठ्ठा घेतला:
सोनेरी अक्षरांत, पाहुण्यांचे हार्दिक स्वागत.
पाणी, वारा. पाणी, वारा.
इतक्या तालात मी उभ्या नोकरीत कधी नव्हतो.
मनगटावर घड्याळ होतं.
बघायचं धाडस नव्हतं.

मग पापणी.
मग चिडकं, बारीक रडं.
मग, "सर, माझी जागा दुसऱ्याला दिलीत?"

मला बोलता आलं नाही.

गाडी आली. बाईंनी डॉक्टरला
पडल्यापासूनचा मिनिटामिनिटाचा हिशेब दिला,
पाणी पाजलं नाही, गोळी दिली नाही,
आणि खिचडी करपली म्हणत पळाल्या.

आता तालीम सकाळी सातला,
दर दहा मिनिटांनी पाणी, सावलीत.
सावधान म्हणताना मात्र
जीभ थोडी अडते.
तीस वर्षं हा शब्द
मी पोरांनाच उद्देशून वापरला.

घाडगे बरा आहे. पुन्हा तिसऱ्या रांगेत, चपला घालून.
बुटांतले बोळे माझ्या खणात राहिलेत.
एक उलगडून पाहिला:
राशिभविष्य होतं,
गेल्या वर्षीचं.