लव

नेमणुकीचं पत्र अकरा पानांचं होतं.
नोटीस पिरियड, ग्रॅच्युइटी, लॅपटॉप हरवला तर काय,
घणसोलीच्या घरी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं सगळं.
हातांबद्दल त्यात काही नव्हतं.

ते कळलं चौथ्या आठवड्यात,
महाप्याच्या ऑफिसात, पाण्याच्या मशीनपाशी,
इतक्या खालच्या आवाजात
की मशीनची घरघर मोठी वाटावी.
'राग मानू नकोस हं,
उद्या क्लायंट येतायत, तर जरा हात...
आणि हे, वरचं...'
शर्वाणी मॅडमनी स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं
आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

केस हा शब्द कुणी काढतच नाही.
नुसतं विचारतात, 'हात केलेस?'
जसे काही याआधी मला हात नव्हते.

केसाने गळा कापणे:
शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं मी,
गुणही मिळाले होते.
पण मॅडमच्या मनात तसं काही नव्हतं, खरंच.
त्यांच्या हनुवटीवर पावडरीखाली
एक निळसर सावली होती,
ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

गोठिवलीत पिठाच्या गिरणीवर हेमलता भोईरचं पार्लर.
खालून जमीन थरथरते, वर मेण तापतं.
रविवारी संध्याकाळी बाकावर आम्ही सात जणी,
सगळ्यांचा सोमवार सकाळी नऊला.
दोऱ्याचं एक टोक हेमलताच्या दातांत,
म्हणून ती बोलत नाही.
डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून मीही नाही.
तिच्या हातांवर मात्र दाट लव आहे, पिठानं पांढुरकी झालेली.
साडेचारशे रुपये.
दर तीन आठवड्यांनी साडेचारशे.
हे त्या अकरा पानांत कपातीखाली यायला हवं होतं.

घरी आले. बाबा जेवत होते.
रबाळ्याला भट्टीवर एकोणीस वर्षं काढलेला माणूस,
उजव्या हातावरचे केस कधीच जळून गेलेले,
डाव्यावरचे शाबूत,
मनगटापाशी करंगळीकडे वळलेले.
माझेही तसेच वळायचे.
'बापाचे हात घेऊन आलीय,' आत्या म्हणायची,
आणि लहानपणी ते कौतुक वाटायचं.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.
त्यांनी घास थांबवला.
माझ्या गुळगुळीत, लालसर हाताकडे बघत म्हणाले,
'कुठे भाजलं गं?'

मीटिंग चांगली झाली.
निशिकांतनं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या,
त्याचं घड्याळ केसांत अर्धं बुडालेलं.
क्लायंटनी विचारलं, कुठून घेतलं हो?
घड्याळ.

आता दुसरं वर्ष.
कळव्याची संघमित्रा नवीन लागलीय,
माझ्याहून भराभर आकडे काढते.
मॅडम म्हणाल्या,
'तूच बोल ना तिच्याशी. तुझं ऐकेल ती.'

मशीनपाशी गाठलं तिला.
बाटली भरत होती.
एसीच्या झोतात तिच्या हातावर काटा आला होता,
ट्यूबलाइटखाली एकेक केस उभा.
मला किती दिवसांत असा काटा आला नव्हता.
येत असेल, उभं राहायला काही नसेल.

तोंड उघडलं.
दातांत दोरा धरल्यासारखं झालं.

'थंडी वाजते का गं इथे?'
'फार,' ती म्हणाली.
'पंचविसावर ठेवायला सांगते.'
ती हसली, बाटलीचं झाकण लावून निघाली.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, 'बोललीस?'
मी म्हटलं, 'हो.'
बोललेच होते की.

बाही खाली ओढताना आतून टोचलं.
तिसरा आठवडा.