सदतीस नंबर

बातमी आली तेव्हा मी एका टाचेला खिळे मारत होतो.
तोंडात चार खिळे,
म्हणून काही बोललो नाही.
रेडिओने दोनच वाक्यं सांगितली:
संरक्षणमंत्र्यांना पदमुक्त केलंय.
त्यांच्या सेवेबद्दल आभार.
मग हवामान. पोल्ताव्यात उणे सहा, पहाटे धुकं.

बाकावर तिघं बसली होती
नुसत्या मोज्यांवर, आपापल्या जोड्यांची वाट बघत.
मोज्यांवरचा माणूस फारसं खोटं बोलत नाही.
ट्रॉलीबसवाला ओनिसिम म्हणाला,
खाणाऱ्यांच्या पुढचं ताट ओढलं याने,
आता ते ताट याच्याच डोक्यात बसलं.
भूगोल शिकवणाऱ्या मेलानिया बाई म्हणाल्या,
भर पुरात नावाडी बदलतं का कुणी?
म्हातारा हावरिलो मोज्याच्या भोकातून
आपला अंगठा बघत होता.
बदललाच ना, म्हणाला. मेला तर नाही.
माझा मेला.

त्यानंतर बराच वेळ
फक्त माझी हातोडी बोलत होती.

मला राजकारणातलं काही कळत नाही.
मला मंत्री कळतात ते बुटांवरून.
आधीच्याच्या काळात तळवा पुठ्ठ्याचा यायचा,
कागदावर चामडं.
दोन दिवस चिखलात उभं राहिलं
की चहात बुडवलेल्या पावासारखा सुटायचा.
पाणी कुठे मुरतंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं;
ते पोरांच्या मोज्यांत मुरत होतं.

मग हा आला.
टीव्हीवर आपले हात कुठे ठेवावेत
हेसुद्धा न कळणारा माणूस.
ठेके रद्द केले, मेहुणे-भाचे घरी बसवले,
आणि एका साध्या परिपत्रकात विचारलं:
सैन्यातल्या बायांच्या पायांचं माप
आजवर कुणी घेतलंय का?

नव्हतं घेतलं.

तोवर ओदार्का बेचाळीस नंबर घालायची,
दोन मोजे, आणि चवड्यात कोंबलेलं वर्तमानपत्र.
पळताना पाय आधी पोचायचा,
बूट मागून.
तिला सदतीस मिळाले त्या दिवशी
दुकानात येऊन ती काही न बोलता
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून गेली. दोनदा.

देवमाणूस नव्हता तो.
नव्या नियमांच्या सह्या होईपर्यंत
ड्रोनच्या पेट्या तीन महिने गोदामात पडून राहिल्या
आणि ओनिसिमचा भाचा
रिकाम्या आभाळाकडे बघत बसला.
हेही सांगतो.
नाहीतर मीच मापात मारल्यासारखं होईल.

संध्याकाळी पोरंपोरी आली. पुठ्ठा आहे का, काका?
खोक्यांची झाकणं दिली, होती तेवढी.
माझ्याच काउंटरवर पालथं पडून लिहिलं त्यांनी:
का काढलं ते सांगा.
एकीने नुसतंच लिहिलं: का?
आणि प्रश्नचिन्हाला जागा पुरली नाही
म्हणून ते कडेवरून खाली वळवलं.

चौकात दोनेकशे माणसं होती म्हणे.
दिवे लावायची बंदी,
म्हणून मोबाइल मुठीत धरलेले,
बोटं आतून लाल.
भोंगा झाला तेव्हा झाकणं घेऊनच सगळे
भुयारी रस्त्यात उतरले,
आणि तिथे जागेअभावी
घोषणा पोटाशी धरून उभे राहिले,
म्हणून समोरच्याला दिसत होती
ती फक्त पाठची, छापील बाजू:
एक्केचाळीस. त्रेचाळीस. सदतीस. चव्वेचाळीस.

मी गेलो नव्हतो. मेलानिया बाईंनी सांगितलं.

दुकान बंद करता करता ओदार्का आली.
परवा तिची गाडी निघते.
बूट काढून काउंटरवर ठेवले, झिजलेलेही नव्हते.
शिवण दुहेरी घाल, म्हणाली,
टाचेला लोखंड मार,
वादी जिथे जिथे तुटू शकते तिथे आत्ताच टाके घाल.
नवा कोण आलाय ते तिने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
चार खिळे तोंडात धरले.

ती बाकावर बसून राहिली,
फरशी गार होती म्हणून
पाय जरासे वर उचलून.