सहावा रकाना

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सात रकाने.
सहावा नेहमी अडतो.
नाव, तारीख, आईबाप, धर्ममाता
हे सगळं सरळ उतरतं.
मूळ गाव म्हटलं की माणसं
आधी एकमेकांकडे बघतात,
मग स्वतःच्या चपलांकडे.

अंबडला हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल
आम्हाला रविवारी तीन ते पाच मिळतो.
पाचनंतर तिथे झुंबा.
वेदी म्हणजे केटररचं टेबल,
वर माझ्या घरची पांढरी चादर.
सेकंड शिफ्टची पोरं मांडीवर हेल्मेट घेऊन बसतात;
ख्रिस्तशरीर घ्यायला तळवे पुढे करतात
तेव्हा रेषांमधलं काळं ग्रीस
साबणाने तीनदा घासलेलं दिसतं.

फादर तुस्कानो वसईचे.
सादरी शिकले एका वेल्डरकडून, पंधरा रविवार, वहीत लिहून.
एकदा आशीर्वादाच्या जागी
चुकून असं काही बोलले
की अख्खा हॉल हसला, बायका पदराआड.
काय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.
पण त्या दिवशी मागची रांग
पहिल्यांदा पुढे येऊन बसली.

आज असुंता तिग्गाची मुलगी.
जन्म सिव्हिलमध्ये, रात्री अडीचला.
ड्यूटीवर लिसम्मा सिस्टर होती, तीच धर्ममाता;
मूळची कोट्टायमची, बावीस वर्षं नाशिकरोडला,
आणि तिचा ‘ळ’ आमच्या पोरांपेक्षा स्वच्छ.

‘गाव?’
इग्नेसने सांगितलं. मी लिहिलं.
त्याने वाचलं, मान हलवली.
पुन्हा सांगितलं, घशाच्या तळातून,
आणि ते अक्षर माझ्या पेनात नव्हतं.
‘राहू दे दीदी,’ असुंता म्हणाली,
‘ठेकेदार दिवाळीनंतर वापीला नेणार म्हणतो.’
‘तिथे गावी कोण आहे आता?’
‘मोठा भाऊ. आणि फणस.’

जुन्या रजिस्टरात, कसर लागलेल्या,
माझ्या आजोबांचंही नाव आहे.
दुष्काळात चालत आले होते नेवाशाहून,
डोक्यावर पाटा, पाट्याशिवाय काही नाही.
ते लिहिणारे फादर जर्मन होते म्हणे.
त्यांनी कान देऊन ऐकलं आणि लिहिलं:
‘निवासा’.
कुणी खोडलं नाही.
मी तर मुळीच खोडणार नाही.

मग पाणी.
फादरांनी वहीत बघून
कुडुखमधला एकच शब्द म्हटला: अम्म.
असुंता खुदकन हसली, बरोबर होता.
लिसम्माने चटकन वर पाहिलं,
तिच्याकडे आईला हाक मारतात तशी.
आणि मला ऐकू आली
माझी लेक, दीड वर्षाची, माठाकडे बोट दाखवत,
मम्म, मम्म.
पोरीच्या टाळूवरून धार ओघळली, कानामागे गेली.
ती रडली नाही. शिंकली.

पाचला दोन मिनिटं असताना
झुंब्याच्या बाया स्पीकर घेऊन दारात.
एकीने विचारलं, पेढे आहेत का?
होते. दिले.

उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं.
तांब्या घेऊन मी जिना उतरले,
दुकानाबाहेरच्या डब्यातल्या रोपाला घातलं.
‘कढीपत्ता आहे, जास्त नको,’ शेठ गल्ल्यावरून म्हणाले.
त्यांना कुणी गाव विचारत नाही,
पाटीवरच लिहिलंय, भुजवाला.

चादर घडी करून पिशवीत घातली.
रजिस्टर मांडीवर ठेवून
रिक्षात बसले आहे, पपया नर्सरीपर्यंत शेअर.
सहावा रकाना कोरा.
इग्नेस बुधवारी सुट्टी घेऊन येतो म्हणालाय,
ते अक्षर
स्वतःच्या हाताने लिहायला.